पाणी प्यालेली गाडी

आमच्या घरात चारचाकी आली ती निपाणीत नव्हे, वडोदऱ्यात. 2021 च्या जूनमध्ये हिला बँकेत बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदलीही. घरात बँकेतलं माणूस असलेल्यांना सांगायला नको, बढतीच्या पेढ्यांबरोबरच तिथे बॅगा भरायला सुरुवात होते. मुलगा आठवीत होता, तो आईबरोबर गेला. मी माझ्या कॉलेजला धरून निपाणीतच राहिलो. दिवाळी, मे महिना किंवा दोन सुट्ट्या जोडून आल्या की मिरजेला जायचं, बंगळूरूहून राजस्थानकडे जाणारी गाडी पकडायची आणि वडोदऱ्याला उतरायचं. तीन वर्षं हे असंच चाललं.

वडोदरा मला अगदीच परकं नव्हतं. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथे 91 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. मराठीचा मास्तर म्हणून मी हौसेनं गेलो होतो. सयाजीरावांचं गाव पाहिलं, दांडिया बाजारात आपल्याच आडनावांच्या पाट्या वाचल्या आणि विश्वामित्रीच्या पुलावर थांबून कठड्यावरून खाली वाकलेल्या लोकांबरोबर मगरी शोधल्या. शहराच्या मधून वाहणारी ही नदी आणि तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी! पण फेब्रुवारीतली ती नदी बघून मी मनात म्हटलं, हा तर ओढा आहे, हा कुणाचं काय वाकडं करणार? कृष्णाकाठच्या घरचा जावई असून माझ्या मनात हे आलं, याची आज लाज वाटते.

तर गाडी. हिची शाखा घरापासून बारा किलोमीटरवर, मुलाची शाळा दुसऱ्या टोकाला. रिक्षा होत्या, स्कूटर होती. पण मी तिथे नाही ही टोचणी मला होती. मी नाही तर निदान दारात गाडी तरी असावी, असा माझा हिशेब. आता कबूल करतो, ती गाडी हिच्या गरजेपेक्षा माझ्या टोचणीसाठीच जास्त घेतली.

नवी परवडणारी नव्हती. घराचं कर्ज चालू होतं. 2021 च्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा हायवेच्या बाजूला जुन्या गाड्यांची एक रांग दिसली. प्रत्येक गाडीच्या नाकावर झेंडूची माळ. विकणारा गृहस्थ फार गोड बोलणारा. एक पांढरी गाडी दाखवून म्हणाला, "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, एकहाती वापरलेली." जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, हे एक कोडंच आहे. प्राध्यापकाची गाडी कोणी कधी विकायला काढलेली ऐकली नाही.

2015 चं मॉडेल, 41 हजार किलोमीटर झालेली. आत नवी कोरी सीट कव्हरं, नव्या मॅट, आरशाला मोगऱ्याच्या वासाची कुपी टांगलेली. 2 लाख 80 हजारांपासून सुरू होऊन 2 लाख 55 हजारांवर आलो, आणि मी मोठी बाजी मारल्यासारखा घरी आलो. कागद सगळे नीट होते. आधीच्या मालकाच्या विम्याची प्रत होती. तिच्यात दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा एक रकाना असतो. पाच वर्षं दावा नसेल तर ती सवलत 50 टक्क्यांपर्यंत जाते. 2020 च्या त्या कागदावर त्या रकान्यात शून्य होतं. म्हणजे आदल्याच वर्षी गाडीवर मोठा काहीतरी खर्च झाला होता आणि तो विम्यातून मागितला होता. मुलांना वीस वर्षं सांगत आलो, दोन ओळींच्या मधलं वाचायला शिका. इथे मला ओळीच वाचता आल्या नाहीत. मी फक्त विमा चालू आहे का ते पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवला.

पहिला महिना गाडीनं लाज राखली. मग थंडी सुरू झाली आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुर. मेकॅनिक म्हणाला बॅटरी. बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर. मग स्टार्टर उघडून साफ केला. एक सेन्सर बदलला, त्याचं नावही मला आता आठवत नाही, किंमत मात्र आठवते, 3,200 रुपये. गाडी दुरुस्तीहून आली की आठवडाभर गुणी मुलासारखी वागायची, आणि आपण निश्चिंत झालो की पुन्हा तेच. बंद पडायची तर सरळ बंद पडून राहायचीही नाही. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. मेकॅनिककडे नेली की पहिल्या झटक्याला सुरू. तो आमच्याकडे बघायचा, आम्ही गाडीकडे.

पुढे तिला वेगळेच चाळे सुचू लागले. कोरड्या आभाळाखाली वायपर आपोआप फिरायचे. पेट्रोलचा काटा कधी टाकी भरलेली दाखवायचा, कधी रिकामी. रात्री दोनला दारांची कुलपं खटकन आपली आपण उघडायची. सोसायटीचा वॉचमन हिला म्हणाला, "बेन, गाडीत कोणी बसतंय का?" त्यानं एक लिंबू-मिरचीही आणून बांधली. तिचे वीस रुपये घेतले. सगळ्या दुरुस्त्यांत तीच सर्वांत स्वस्त पडली.

इकडे निपाणीत माझ्या सकाळी त्या गाडीवर अवलंबून राहू लागल्या. पहिला तास साडेनऊचा. नऊ-दहाला फोन वाजला की मला कळायचं. ही नमस्कार-चमत्कार न करता एकच शब्द बोलायची, "पुन्हा." बस्स. आठशेहून जास्त किलोमीटरवर उभ्या गाडीला मराठीचा एम. ए. झालेला माणूस काय करणार? मी म्हणायचो, "जरा थांबून परत लावून बघ." ती म्हणायची, "अहो, मागे बस उभी आहे, हॉर्न वाजवतायत." मग फोन बंद. आणि मी वर्गात जाऊन मुलांना अलंकार शिकवायचो.

2022 च्या फेब्रुवारीत एका रात्री मुलाला ताप चढला, एकशे चारच्या पुढे. हिनं रात्री एकला त्याला कसंबसं खाली आणलं, गाडीत झोपवलं आणि किल्ली फिरवली. आवाजसुद्धा नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली आणि दोघांना दवाखान्यात पोचवून पहाटेपर्यंत तिथे बसून राहिले. मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. रात्री का नाही सांगितलं म्हणून मी चिडलो. ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुम्ही जागे राहिला असता, एवढंच." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

खरं निदान झालं ते मे महिन्यात, आणि ते कुठल्या मेकॅनिकनं केलं नाही. माझ्या सासूबाईंनी केलं.

सासरे आणि सासूबाई त्या सुट्टीत वडोदऱ्याला आले होते. त्यांचं गाव अथणी तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. घर पूर्ण कन्नड, मी त्यांना मावा आणि अत्तीच म्हणतो. ऑगस्ट 2019 चा महापूर या भागातल्या वाचकांना मी काय सांगू? कोल्हापूर, सांगली, चिकोडी, रायबाग, अथणी, सगळीकडे एकच पाणी. शिरोलीजवळ हायवे बंद पडला तो किती दिवस. सासऱ्यांच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं. ओसरल्यावर अत्तींनी पंधरा दिवस खोऱ्यानं राड उपसली होती. राड हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे, ते 'राडी' म्हणतात, आणि त्या दिवसांत दोन्ही भाषांत दुसरा शब्दच कोणाच्या तोंडी नव्हता. सासऱ्यांनी सोप्याच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथे गेरूची रेघ मारून तारीख लिहून ठेवली आहे. ती अजून आहे.

तर आम्ही सगळे पावागढला निघालो होतो. वडोदऱ्याहून पन्नासेक किलोमीटर. आदल्या संध्याकाळी वॉचमननं गाडी धुताना मागच्या दारातून बरंच पाणी आत गेलं होतं आणि गाडी रात्रभर बंद होती. सकाळी मागचं दार उघडून अत्ती आत बसल्या आणि बसल्या तशा उतरल्या. पुन्हा आत डोकं घालून वास घेतला. लेकीकडे बघून म्हणाल्या, "ई गाडी नीर कुडदैति नोडवा." गाडी पाणी प्यालीय बघ. ही म्हणाली, काल धुतली म्हणून ओली आहे. अत्तींनी मान हलवली. "इदु होळी नीरिन वासनी." हा नळाच्या पाण्याचा वास नव्हे, नदीच्या पाण्याचा आहे.

मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. होळीचं पाणी म्हणजे रंगपंचमीचं का, असा एक पाणचट विनोदही मी केला. त्यांच्या कन्नडात होळी म्हणजे नदी, हे काय मला माहीत नव्हतं? पण गाडी मी पसंत केलेली होती ना.

हालोलच्या अलीकडे गाडी बंद पडली. मे महिन्याचं ऊन, आसपास झाड नाही. मावा साठी उलटलेले, त्यांना रस्त्याकडेच्या टपरीच्या पत्र्याखाली बसवलं. अत्ती एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

टोचण करून गाडी परत शहरात आणली, ती या वेळी कारेलीबागेच्या बाजूला एका म्हाताऱ्या मराठी मेकॅनिककडे. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत साताऱ्याकडून आलेले. त्यांची मराठी ऐकायला मोठी गंमत, निम्मी क्रियापदं गुजरातीतून चालत आलेली. मी त्यांना अत्तींचं बोलणं सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या सीटचा पट्टा हातात घेतला आणि पूर्ण संपेपर्यंत बाहेर ओढला. रोज आपण पट्टा लावतो तो अर्ध्याहून कमीच बाहेर येतो, उरलेला गुंडाळीत असतो. त्या आतल्या भागावर एक तपकिरी रेघ होती. वरचा भाग स्वच्छ, खालचा मळकट.

ती रेघ पाहिली आणि मला सासऱ्यांच्या सोप्यातली गेरूची रेघ आठवली.

मग काकांनी मागची सीट काढली, गालिचा उचलला. खाली वाळून तडे गेलेला, बारीक पिठासारखा गाळ. सीटच्या रुळांना गंज, स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यात गंज. वायरिंगचे जोड उघडले तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. म्हणाले, "खोटं लावू नका साहेब, ही गाडी बुडलेली आहे." 'खोटं लावू नका' म्हणजे त्यांच्या बडोदी मराठीत वाईट वाटून घेऊ नका. आपल्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. मला त्या दिवशी दोन्ही अर्थ लागू पडले.

31 जुलै 2019. त्या एका दिवसात वडोदऱ्यात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. मी ज्या नदीला ओढा म्हटलं होतं ती विश्वामित्री वस्त्यांत शिरली, रस्त्यावर मगरी फिरताना लोकांनी पाहिल्या, विमानतळ बंद ठेवावा लागला. तळमजल्यावर उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या असतील त्याला सुमार नाही. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेला पूर आला तो त्यानंतर आठवडाभरातच. म्हणजे अत्तींचं घर आणि आमची गाडी एकाच पंधरवड्यात पाण्याखाली गेली होती, आणि मला दोन्हींतलं नातं दिसलं नव्हतं.

काकांनी मला जे समजावलं ते थोडक्यात सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. बुडालेल्या गाडीचं इंजिन बरेचदा वाचवता येतं, पण एका अटीवर. पाण्यात असताना किंवा पाणी उतरल्यावर लगेच ती सुरू करायची नाही. सुरू केली तर इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं, पाणी काही दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. आमच्या गाडीचं इंजिन वाचलं होतं. वाचत नाहीत त्या वायरी. आजच्या गाडीत मैलभर वायर आणि एक कॉम्प्युटर असतो. पाणी तर वाळतं, पण जोडांत राहिलेला ओलावा आणि क्षार तांबं हळूहळू खात राहतात. वर्ष-दोन वर्षांनी गाडी अशी अंगात आल्यासारखी वागायला लागते. विमा कंपनी अशा पुष्कळ गाड्या निकालात काढते, कोणीतरी त्या स्वस्तात उचलतं, धुऊन-पुसून, नवी कव्हरं घालून झेंडूची माळ बांधतं. मोगऱ्याची कुपी तर हवीच.

मी विकणाऱ्याकडे गेलो. तो पूर्वीइतकाच गोड बोलला. चहा मागवला. म्हणाला, "साहेब, वडोदऱ्यात त्या वर्षी कोणाची गाडी भिजली नव्हती? तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." आता यावर काय बोलणार? खरंच मी विचारलं नव्हतं. पुढे केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलला आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी आरटीओकडून अधिकृत होणं, गाड्यांची नोंद ठेवणं सक्तीचं केलं. पण गाडीला पुराचा इतिहास असेल तर तो गालिच्याखालीच सापडतो, हे अजूनही खरं आहे.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही ती गाडी सांभाळली. काकांनी एकेक जोड साफ केला, अर्धी वायरिंग बदलली. बरी चालायची, पण हिनं तिच्यावर पुन्हा कधी विश्वास टाकला नाही. पावसाळी सकाळी सरळ रिक्षा करायची. माझं एक स्वप्न होतं. वडोदऱ्याला वळसा घालून जाणारा 48 नंबरचा हायवे तोच निपाणीच्या अंगावरून जातो, एकच रस्ता, वळायलासुद्धा नको. म्हटलं होतं, बदली संपली की तिघं त्या गाडीतून थेट दारात उतरू. ते राहिलं.

2024 च्या मे महिन्यात हिची बदली परत बेळगावकडे झाली. गाडी कर्नाटकात न्यायची तर गुजरातची ना-हरकत, इथला रस्ता कर, नवा नंबर, हे सगळं सीमेवर राहणाऱ्या वाचकांना पाठ आहे. त्यापेक्षा तिथेच विकायची ठरली. विकताना काय सांगायचं यावर आमचं जुंपलं. ही म्हणाली, "आपल्याला कोणी सांगितलं होतं? अडीच लाख घातलेत, वर दुरुस्तीचे लाखभर. माझे पैसे आहेत ते. गप्प बसा." मी म्हणालो, गप्प बसवणार नाही. चांगलं अर्धा तास तत्त्वज्ञान ऐकवलं तिला.

रविवारी एक जोडपं आलं. तिशीच्या आतलं, दोघंही नोकरीवाले, बाई दिवस गेलेली. गाडी त्या दिवशी अशी चालली की काय सांगू. त्या मुलानं गोल चक्कर मारून आणली, चेहरा खुललेला. त्यानं किंमत विचारली. मी म्हणालो, "एक लाख साठ." आणि त्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुराचं आता सांगू, मग सांगू, करत मी गाडीचं मायलेज सांगत होतो, नवे टायर दाखवत होतो. मी ऐकत होतो, मी त्या माळवाल्या गृहस्थासारखा बोलत होतो.

ही मागे उभी होती. काही न बोलता पुढे आली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्या पोरीच्या हातात दिला. "ही रेघ बघ," म्हणाली. "रात्री-बेरात्री तुम्हाला दवाखान्यात जायला लागेल. ही गाडी घेऊ नका."

ते गेले. पोरगा जरा घुश्शातच गेला. आम्ही दोघं जिने चढून वर आलो. तिनं कणीक मळायला घेतली. मी म्हणालो, "तू तर गप्प बसायला सांगत होतीस." ती म्हणाली, "तुम्ही बोलणार होता ना?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

गाडी शेवटी काकांनीच घेतली, सुट्या भागांसाठी, 60 हजारांना. आम्ही जूनमध्ये रेल्वेनं निपाणीला आलो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वडोदऱ्याला पुन्हा पूर आला. विश्वामित्री धोक्याच्या पातळीवरून चढत चढत 35 फुटांच्या वर गेली. आम्ही टीव्हीसमोर बसून ओळखीचे चौक शोधत होतो. चार दिवसांनी काकांचा फोन लागला. माणसं सुखरूप होती. गॅरेजमध्ये छातीभर पाणी होतं, हत्यारं गेली, कॉम्प्रेसर गेला.

"आणि साहेब," ते म्हणाले, "तुमची गाडी अजून खोलली नव्हती हां. पुन्हा न्हाली."

मी हिला सांगितलं. ती अत्तींना फोन लावायला उठली.